डाव्या पायावर

शिवतेजनं चेंडू पुढं ढकलला, खांदा हलवून बहिणीला चकवलं आणि नेमका आत वळायच्या क्षणी थांबला. चेंडू एकटाच माळावर घरंगळत गेला.

"परत!" संयोगिता ओरडली. "दादा, परत थांबलास!"

"खडा आला पायाखाली."

"आटपाडीचे समदे खडे तुज्याच डाव्या पायाखाली कसं येत्यात रं?"

तो हसला नाही. संयोगिता दहावीतली, शाळेच्या संघात बचावाला खेळणारी आणि यंदापासून कुणालाच न घाबरणारी. पण भावाचं असं न हसणं तिला घाबरवत होतं. व्यावसायिक फुटबॉल क्लबात डाव्या बगलेवर खेळणाऱ्या शिवतेजची सगळी जादू एकाच गोष्टीत होती. कडेकडेनं सुसाट जायचं, डावा पाय रोवायचा आणि झटक्यात आत घुसायचं. गेल्या हंगामात त्याच वळणावर गुडघा गेला. शस्त्रक्रिया झाली. गुडघा आता पक्का आहे असं डॉक्टरांनी सगळ्यांना पटवलं, शिवतेज सोडून. उद्या त्याला निघायचं होतं. परवा क्लबात चाचणी. वळता आलं तर नवा करार, नाहीतर घरी.

बाभळीखाली त्यांची आई, हरणाबाई, मेंढरं राखत बसली होती. राखत म्हणजे नुसती बसली होती. तिची एक आरोळी गेली की अख्खा कळप जागच्या जागी थांबायचा. हरणाबाईच्या आरोळीवर वडूजची एस्टीसुद्धा थांबते, असं गावात म्हणत.

"आये, तू तरी सांग की ह्याला."

"मला काय कळतंय त्यातलं? गुडघा त्येचा, त्येलाच इचारू दे." भाकरीचं गाठोडं मांडीवर घेत हरणाबाई म्हणाली. "बसा, खाऊन घ्या."

दोघं बसायला वाकली आणि संयोगितानं मान वर केली.

"आये, मेंढरं!"

पुढली काळी मेंढी हंबीररावांच्या डाळिंबाच्या बागेकडं निघाली होती, आणि तिच्यामागं सगळा कळप. एका जागी कुंपण मोडलेलं. मागं एकदा तिथून दोन मेंढ्या आत गेल्या होत्या, तर हंबीरराव दिवाळीपर्यंत बोलले नव्हते.

शिवतेज उठला तो पळतच. सरळ मागून नाही; मागून गेलं की मेंढरं आणखी उधळतात, हे त्याला चालायला लागल्यापासून ठाऊक. तो कडेनं गेला, लांबून, धूळ उडवत, कळपाला मागं टाकत. कुंपणाशी पोचताच त्यानं डावा पाय रोवला आणि झटक्यात आत वळला. काळी मेंढी त्याच्या अंगावर येता येता अडखळली, उजवीकडं निसटू लागली. तो परत वळला. परत त्याच पायावर.

बागेतून काठी घेऊन आलेले हंबीरराव शिव्या विसरले.

"आयला! काय वळतंय गड्या पोरगं!"

तेवढ्यात माळावरून हरणाबाईची आरोळी आली. कळप थांबला, फिरला आणि शहाण्यासारखा बाभळीकडं चालू लागला.

संयोगिता धापा टाकत भावाजवळ पोचली.

"दादा, दुखलं का रं?"

शिवतेजनं गुडघ्याकडं पाहिलं, जणू तो आत्ताच कुणीतरी आणून लावला होता.

"बघायचंच राह्यलं की गं," तो म्हणाला. आणि मोठ्यानं हसला, कितीतरी दिवसांनी.

मग त्यानं चेंडू आणला आणि वळत राहिला. डावीकडून आत, पुन्हा डावीकडून आत. संयोगिता मुद्दाम आडवी येत होती, मुद्दाम नव्हे तर खरोखरच चकत होती आणि दर वेळी आनंदानं किंचाळत होती.

दमून ती बाभळीखाली येऊन पडली.

"आये, तू आधीच का न्हाई गं हाक मारलीस?"

"तोंडात घास हुता की माज्या."

संयोगितानं पाणी प्यायला हात लांब केला. तांब्याशेजारी भाकरीचं गाठोडं होतं. त्याची गाठ अजून सुटलेली नव्हती.

तिनं आईकडं पाहिलं. हरणाबाई माळाकडं बघत होती, जिथं पोरगा वळत होता.

"हाक मार त्येला," हरणाबाई म्हणाली. "भाकरी वाळतीया."