अकरा चूड

भाताचं फूल सकाळी साडेनऊच्या सुमारास उमलतं आणि दुपार व्हायच्या आत मिटून जातं. जे काही व्हायचं ते तेवढ्यात. त्यामुळे पहिल्या लोंब्या बाहेर डोकावल्याचं कळताच अरुंधतीने कॉलेजच्या ग्रंथालयात रजा टाकली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठला, पनवेल स्टँडवरून रिक्षा करून, ती खाडीकडच्या प्लॉटवर हजर झाली.

प्लॉट कसला, पाच गुंठ्यांचा तुकडा. तिचे वडील भाताचे संशोधक. निवृत्तीनंतर त्यांनी तो सोनाबाई म्हात्र्यांकडून खंडाने घेतला होता. फेब्रुवारीत ते गेले. मागे राहिली पुस्तकं, तीन चष्मे आणि भाताची ही एक ओळ, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या जपलेला एक वंश.

या ओळीच्या फुलात परागच तयार होत नाहीत. दोष असतो पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियात, आणि मायटोकॉन्ड्रिया येतो फक्त आईकडून. त्यामुळे बाप कोणीही असला तरी दोष लेकीत जसाच्या तसा उतरतो. संकरित बियाणं करणाऱ्याला अशी झाडं हवीच असतात. मात्र ती टिकवायची तर दर हंगामात शेजारी त्यांची जोडीदार ओळ लावावी लागते. ती दिसायला हुबेहूब, फक्त परागवाली. तिचे पराग पडले की दाणा भरतो आणि पुढच्या वर्षी आईसारखंच झाड येतं. सोनाबाईंनी हे सगळं एका वाक्यात बसवलं होतं : "सायेब, बायको चांगली हाय, नवरा बाजूच्या घरातला आनावा लागतो, येवढंच ना?" बाबा त्यावर आठवडाभर हसत होते.

खाऱ्या जमिनीत तग धरणारी ही ओळ बाबांनी बावीस वर्षं सांभाळली. आता त्यांची विद्यार्थिनी किशोरी ती संशोधन केंद्राच्या शीतगृहात ठेवून घ्यायला तयार होती. अट एकच, ओळ शुद्ध हवी. जुनं बी उगवेनासं झालं होतं. गेल्या वर्षीचं होतं नव्हतं ते सगळं अरुंधतीने यंदा पेरलं होतं. त्याचे एकशे चाळीस चूड, म्हणजे एकेका जागी लावलेल्या रोपांचे झुबके, उभे राहिले, चांगले कमरेएवढे, आणि त्यांचा फोटो तिने मोठ्या कौतुकाने किशोरीला पाठवला होता.

बाबांच्या वहीत सूचना होती : 'फूल उमलण्याआधी टाचणीने सोलून पाहावे. आत पांढरे, सुकलेले असेल तर ठीक. पिवळे, टपोरे असेल तर पराग आहेत, चूड उपटावा.'

पहिल्या चुडात पिवळं निघालं. दुसऱ्यातही. विसाव्यापाशी तिने चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

"काय गो, भाताच्या उवा शोधतंस काय?" सोनाबाई बांधावरून म्हणाल्या. सत्तरी उलटलेली बाई, पण नजर घारीची.

"मावशी, थांबा जरा. मोजतेय."

पावणेनऊला मोजणी संपली. पांढरे अकरा. बाकीचे एकशे एकोणतीस पिवळे. तिने किशोरीला फोन लावला.

"पिवळे उंच आहेत का गं?" किशोरीने विचारलं.

"वीतभर उंच. मला वाटलं, जोमदार आहेत."

"जोमदारच असणार, संकर आहे तो. गेल्या वर्षी दाणे किती भरले होते?"

"एकसष्ट टक्के. वहीत आहे."

"एकसष्ट? सरांचे कधी वीसच्या वर गेले नाहीत. फुलोऱ्यात प्लॉटवर कोण होतं?"

बाबा नव्हते. ते नऊ दिवस दवाखान्यात होते आणि अरुंधती त्यांच्या उशाशी. तिने फोन तसाच हातात धरून मागे पाहिलं.

"मावशी, गेल्या वर्षी फुलं आली तेव्हा काय झालं होतं?"

सोनाबाईंनी पदर खांद्यावर ओढला. "म्हैस शिरलेली. नवऱ्याच्या ओळी खाल्ल्यान. कोपऱ्यातले दोन-तीन चूड ऱ्हायले. बायका नुसत्या उभ्या. मी म्हटलं, सायेब येतील नि पोचट लोंब्या बगतील. आदीच जीव थोडा झालेला त्यांचा. मंग माझ्या लाल भाताच्या लोंब्या कापल्या नि वरून झाडल्या. सायेब झाडायचे तशाच. धा वाजता. पाच दिस."

"कोणाला बोलला नाहीत?"

"सायेब लोंबी हातात घेऊन येवढे खूश झाले, मंग काय बोलनार?"

फोनमधून किशोरीचा आवाज आला. "अरुंधती, ऐकलं मी. त्या लाल भाताने लेकीत पराग परत आणले. संकरित वाण करायला असाच बाप लागतो. सरांनी त्यासाठी दीडशे वाण तपासले होते गं!"

"आणि बांधापलीकडचा राहिला."

"ते असू दे. लाल भात मावशींच्या घरी आहे, तो कुठे पळत नाही. आत्ता ते अकरा वाचव. पिवळ्यांचे पराग त्यांच्यावर पडले तर यंदाचं बी गेलं, आणि दुसरं बी नाही. साडेनऊच्या आत सगळे पिवळे बाहेर."

सोनाबाईंना हे सांगायला अरुंधतीला दोन वाक्यं लागली. सांगताना तिने 'बिघडलं' हा शब्द टाळला, तरी त्यांना समजायचं ते समजलं.

"फुलावर आलेलं भात उपटायचं?" त्या म्हणाल्या. "पोटुशी बाई हाय ती. मी जल्मात उपटलं नाय."

"मी उपटते. तुम्ही घरी जा."

"मी घातलेली घान, नि तू काडनार?" आणि त्या चिखलात उतरल्या.

मग अरुंधती पांढऱ्या चुडांना चिंधी बांधत पुढे जायची, सोनाबाई मागून उरलेले मुळासकट काढून बांधाबाहेर टाकायच्या. अरुंधतीच्या चिंध्या बांधून संपल्या तेव्हा तीही उपटायला लागली. एका चुडाला तिला दोनदा जोर लावावा लागे. सोनाबाई एका हिसक्यात काढत. दूरच्या रस्त्याने कळंबोलीचे ट्रेलर जात होते. नऊ पंचवीसला शेवटचा चूड बाहेर पडला. प्लॉट मुंडण केल्यासारखा दिसत होता.

सोनाबाई बांधावर टेकल्या. बराच वेळ पायांचा चिखल खरवडत राहिल्या.

"सायबांना कळलं व्हतं काय गो?"

अरुंधतीला वहीतलं ते पान आठवलं. शंका आली की बाबा आकड्यापुढे प्रश्नचिन्ह काढायचे. घरच्या वाणसामानाच्या यादीतसुद्धा. एकसष्टपुढे काही नव्हतं. वीस टक्क्यांवर आयुष्य काढलेल्या माणसाने त्या लोंब्या हातात घेतल्या होत्या, दाणे एकेक करून मोजले होते, आणि आकडा लिहून वही मिटली होती.

"कळलं असणार," ती म्हणाली. "त्यांना दाणे मोजता येत होते."

"मंग बोलले कसे नाय मला?"

"तुम्ही तरी कुठे बोललात त्यांना?"

सोनाबाईंनी मान डोलावली.

जोडीदार ओळीत पहिली फुलं उमलायला लागली होती. अरुंधतीने हात धुऊन एक लोंबी कापली आणि जवळच्या पांढऱ्या चुडावर धरून हलवली. पराग भलतीकडेच उडाले. दुसऱ्यांदा ती लोंबी तिच्याच मनगटावर आपटली. वहीत यासाठी फक्त 'हलक्या हाताने' एवढंच लिहिलेलं होतं.

"मावशी, या इकडे. मला जमत नाहीये."

"मी नाय हात लावायची आता त्यांना."

"एकसष्ट टक्के तुमच्या हातचे होते. आज फक्त बाप बरोबर आहे."

सोनाबाई उठल्या. हाताला पिवळ्यांचे पराग चिकटले असतील म्हणून अरुंधतीने त्यांना आधी पाण्याच्या नळीवर नेलं. त्यांनी कोपरापर्यंत हात धुतले, बांगड्या वर सारून पुन्हा धुतले, पदर खोचला आणि अरुंधतीने पुढे केलेली लोंबी घेऊन त्या पहिल्या चुडाशी वाकल्या.