कुलपातला मायक्रोमीटर

मित्रांनो, मी एक जुना मायक्रोमीटर आहे. माझ्या जबड्यांत डोक्यावरचा केस धरलात, तरी मी त्याची जाडी सांगेन. मुठीत मावतो म्हणून मला कमी लेखू नका. पंपाचा दांडा केसभर जाड झाला, तरी पंप अडतो.

तंत्रशाळेत मी मास्तरांच्या हाती आलो. ते मला प्रत्येक विद्यार्थ्याच्या हातात देत. "आवळू नकोस रे, तो काय नळ आहे? हलकेच फिरव!" दोनदा मी फरशीवर आपटलो. मास्तरांनी मला पुसलं, जुळवलं आणि ज्याच्या हातून पडलो त्याच्याच हातात पुन्हा दिलं.

मग नवे साहेब आले. मोडतोडीचा जाब त्यांना द्यावा लागे, म्हणून आम्हा सगळ्या मापांना काचेच्या कपाटात घालून त्यांनी कुलूप ठोकलं.

"साहेब, मुलं शिकणार कशी?"

"फळ्यावर चित्र काढा की, मास्तर! वस्तू शाबूत राहिली पाहिजे."

मुलांनी माझी सुबक चित्रं काढली, पैकीच्या पैकी गुण मिळवले. मास्तर निवृत्त होईपर्यंत किल्ली मागत राहिले. त्यांच्या जागी कुणालाच नेमलं नाही.

यंदा शेजारच्या कारखान्याला परदेशातून पंपांचं मोठं काम मिळणार होतं. आमच्याच शाळेतून तिथे लागलेल्या मुलांनी लेथवर कातलेले शंभर दांडे नमुन्याला गेले. मापात बसले नाहीत म्हणून त्र्याऐंशी परत आले. काम दुसऱ्या देशाला गेलं. साहेब याच खोलीतल्या सभेत गरजले, "आपल्या पोरांच्या हातात कसबच नाही!" अहो, हात लावू दिलात कधी? देश मागे का, यावर हे तासभर बोलले. कपाट उघडायला अर्धं मिनिट लागतं.

गेल्या महिन्यात मास्तर वारले. काल त्यांची लेक आली. ती कारखान्यात माल तपासते.

"बाबांची आठवण म्हणून एखादी वस्तू न्या, ताई," साहेब म्हणाले.

"आठवण नको. किल्ली द्या. दर शनिवारी येऊन शिकवीन."

"आणि काही मोडलं तर?"

"इतकी वर्षं काहीच मोडलं नाही, साहेब. म्हणूनच काम गेलं."

"वर विचारावं लागेल," म्हणत साहेबांनी किल्ली खिशात घातली.

मित्रांनो, आमची निगा जरूर राखा, पण वापरून राखा. ताई शनिवारी पुन्हा येणार आहे. तिला एकटीला किल्ली मागायला लावू नका.