लिंबू आणि छताची किल्ली

दुर्गाघाटावर आमच्या गल्लीत ऊन उतरतच नाही, ते छतावर जाऊन घ्यावं लागतं. त्या सकाळी शरदिनी छताच्या दारात कुलूप घेऊन उभी राहिली, आणि तिची धाकटी जाऊ मृणालिनी लेकराच्या ओल्या दुपट्यांची बादली घेऊन वर आली. आमचं छत त्यांच्या छताला लागून. कठड्याशी मी कुरडया घालत होते. गेल्या उन्हाळ्यात शरदिनीनं याच कुरडयांवर राख झटकली होती, ते माझ्या डोक्यातून गेलेलं नव्हतं.

"तुझ्या साबणाच्या पाण्यानं माझं कुंडीतलं लिंबू मेलं," शरदिनी म्हणाली. "आईनं दिलेलं कलम होतं. ती गेली, आता हेही घालवलंस. छतावर पाय ठेवायचा नाही."

"काहून बोलता वहिनी? म्या गमल्यात थेंब नाही टाकला."

"मग काय बंदर उड्या मारत येऊन कपडे धुतात?"

मृणालिनी वऱ्हाडातली, संत्र्याच्या बागेत वाढलेली. ऐकून घेणं तिच्या रक्तात नाही. बादली आदळून ती सरळ कुंडीपाशी बसली आणि पानं उलटीपालटी करू लागली.

"साबणाचं पाणी असतं तर जुन्या पानाच्या कडा जळल्या असत्या. हे पाहा, जुनी हिरवीच हायेत. कोवळी तेवढी पिवळी, अन् त्याइच्या शिरा हिरव्या. माह्या बापाच्या चुनखडीच्या वावरात असंच होते. चुना कोण टाकते इथं?"

"मी टाकते," शरदिनी ताठ मानेनं म्हणाली. नवऱ्याच्या विड्याच्या पानासाठी ती घरात मडक्यात चुना भिजत घाली, रोज त्याचं पाणी बदली. "वरचं पाणी ओतते. चुन्यानं झाडाला बळ येतं. लोक बुंध्याला फासतात ते काय उगाच?"

मृणालिनीनं झाडावरचं एकुलतं एक लिंबू तोडलं, दातानं फोडलं आणि मातीवरच्या पांढऱ्या पापुद्र्यावर पिळलं. माती फसफसली.

"पाह्यलं? चुनाच हाये."

"माझं लिंबू तोडलंस तू," शरदिनी म्हणाली. तिला तेवढंच दिसलं.

तेवढ्यात तिचे यजमान विश्वेश्वर जिन्यावरून डोकावले. "चुना कुठे ठेवलायस गं?"

शरदिनीनं किल्ली मृणालिनीच्या अंगावर फेकली. "घे. आता तूच जगव. नाही जगलं तर तुला माहेरी पाठवते."

मृणालिनीनं किल्ली कमरेला खोचली. "जगवतो. पण तुमी वर यायचं नाही. मडकं घेऊन तर नाहीच."

ते कुलूप मग तिनं लावलं. कुंडीतली माती बदलली, दुपटी उन्हात वाळू लागली. शरदिनीनं किल्ली मागितली नाही. जीव गेला तरी ती मागायची नाही.

पाऊस सरता सरता गल्लीत तिनं मला अडवलं. आवाज खाली आणून म्हणाली, "तुझ्या छतावरून दिसतं ना गं? नवं पान हिरवं आलं का?"

शेंडाभर हिरवी पानं आली होती, तुकतुकीत.

"नाही बाई," मी म्हटलं, आणि पुढे गेले.