एका तोटीची तीन पानं

"तुझ्या आईचं पान ठेवलंस, मग आमची पानं काय भिंतीला चिकटवायची?" मोटाबापा ओरडले.

"चिकटवा. वेबसाईटवर तरी कोण बघतंय?" मी म्हणालो.

मोटाबापा म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. जामनगरात आमचा पितळी तोट्यांचा कारखाना. वडील गेले तेव्हा तीन हिस्से झाले: मोटाबापा, भरतकाका आणि आई. भट्टी एक, माल एक, फोन तीन. शाळा सोडल्यापासून वेबसाईट मीच बघतो.

घोळ असा, की तिघांनाही आपल्या नावाचा विभाग हवा होता. म्हणून बागेची एकच तोटी मी तीन विभागांत टाकली. वेबसाईटने तिची तीन पानं केली, प्रत्येकाला वेगळा पत्ता. फोटो तोच, मजकूर तोच. आता कुणी पितळी तोटी शोधली की गूगलला कळत नाही खरं पान कुठलं. कधी हे दाखवतं, कधी ते, आणि दोन्ही पार मागे. राजकोटवाल्यांची तोटी आमच्या आधी दिसते.

उपाय साधा आहे. एक पान ठेवायचं आणि बाकी दोन पत्त्यांवर कुणी आलं की त्याला आपोआप तिकडे पाठवायचं. पण ज्याचं पान, त्याचाच फोन नंबर. मोटाबापांना दुकान आहे, काकांना बाहेरगावचे व्यापारी. आईला फक्त हा फोन. म्हणून मी तिचं पान ठेवलं.

"अरे, मोठ्या भाईंचं पान सगळ्यात जुनं," भरतकाका सोडा पीत म्हणाले. "प्लंबरांच्या ग्रुपात तीच लिंक फिरते. तिचा मान काढून कालच्या पानाला दिलास. रागात केलंस ना, केयूर?"

रागातच केलं होतं. "तुम्हाला कुणी विचारलं?" मी म्हणालो.

"आवाज खाली," आई म्हणाली. ती तोट्या कागदात गुंडाळत होती. जेठांशी, म्हणजे थोरल्या दिरांशी, ती थेट बोलत नाही. डोक्यावर पदर ओढून माझ्याकडे बघते, ऐकायचं त्यांनी.

"मोटाबापांना सांग, पान त्यांचंच राहू दे. पॉलिशचं मशीन आपण पाळीने वापरतो ना? तसा त्या पानावर फोनही पाळीने. एक आठवडा त्यांचा, एक काकांचा, एक माझा."

मोटाबापा तिच्यापासून दोन हातांच्या अंतरावर उभे होते, पण त्यांनीही मलाच सांगितलं, "तिला म्हणावं, माझ्या नावावर आलेलं गिऱ्हाईक मी दुसऱ्याला का देऊ?"

"त्यांना म्हणावं, तोटी तिघांची आहे. आणि पॉलिशचं मशीन माझ्या शेडमध्ये आहे."

मोटाबापांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"भरत, एकटाच काय पितोस? मलाही सोडा मागव," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "बघतोस काय? कर."

तिथेच बसून मी आईचं आणि काकांचं पान मोटाबापांच्या पानाकडे वळवलं. काकांनी दोनदा उघडून तपासलं.

पहिले दोन आठवडे त्या दोघांचे गेले. तोटी हळूहळू वर सरकली. काल आईचा आठवडा सुरू झाला. दिवसभर फोन गप्प होता. आई भाजी चिरतानाही तो मांडीवर ठेवून बसली.

आज सकाळी वाजला.

"मोठे शेठ आहेत?" पलीकडून कुणी प्लंबर.

आईने डोक्यावरचा पदर सावरला. "मी त्यांच्या घरातूनच बोलतेय. बोला, किती तोट्या हव्यात?"

त्याला आधी नमुना बघायचाय, बेडी गेटच्या बाजारात, दुपारी दुकानं बंद व्हायच्या आत. आई स्कूटरची किल्ली घेऊन दारात उभी आहे. मला आता निघायला हवं.