चव कोण बघतं

चमच्याच्या टोकाला केसाएवढी चीर पडली होती आणि तिच्यात लोणच्याचा लाल रंग इतका मुरला होता की किती घासला तरी जाईना... फणसाच्या लाकडाचा हा चमचा परशुरामांनी पोफळीला वीजघराच्या कॉलनीत असताना तिथल्या सुताराकडून करून घेतला होता, बायको लोणच्याचा धंदा करते म्हणाली त्याच आठवड्यात, आणि मोठ्या ऐटीत म्हणाले होते, ‘हा फक्त माझा. चव बघायचा.’ त्याला चौदा वर्षं झाली. उमाने चमचा पालथा केला, सुलटा केला, आणि पिठाच्या डब्याला टेकवून ठेवलेल्या त्या कागदाकडे बघायचं पुन्हा एकदा टाळलं.

कागद काल मिळाला होता. घरगुती उद्योग करणाऱ्या बायकांचं दोन दिवसांचं, दुपारचं शिबिर होतं — ध्येय कसं ठरवावं, धंद्याबरोबर आपण स्वतः कसं वाढावं — आणि शिकवायला पुण्याच्या नम्रता मॅडम, उमाच्या लेकीच्या वयाच्या, पण बोलणं असं की पन्नाशीच्या बायका शाळेतल्या पोरींसारख्या मान खाली घालून लिहीत होत्या. पहिला चौकोन : पाच वर्षांनी तुम्ही कुठे असाल? शेजारच्या सईदाने, मिरकरवाड्यात जेवणाचे डबे करते ती, झटकन ‘स्कूटीवर’ असं लिहिलं आणि पेनाला टोपण लावून मोकळी झाली. मी कुठे असेन... इथेच, या नाचणे गावात, याच ओट्यापाशी, आणखी कुठे जाणार आहे मी? पण ‘घरी’ हे उत्तर चालणार नाही, असं मॅडमनी आधीच बजावलं होतं. मग तिने मुंबईच्या दुकानांत माल, नवी लेबलं, मदतीला दोन बायका असं काय काय लिहिलं, आणि लिहिता लिहिता तिला ते चक्क आवडायलाही लागलं होतं. अडली ती शेवटच्या चौकोनापाशी. तुमच्या मालाचा दर्जा कोण ठरवतं? ती व्यक्ती उद्या नसेल तर? आज चार वाजता उभं राहून हे सगळ्यांसमोर वाचायचं होतं.

काय मेला प्रश्न! पहिल्या अर्ध्या भागाचं उत्तर तिने तिथेच लिहिलं होतं — माझे यजमान — आणि दुसरा अर्धा वाचून तिला मॅडमचा असा राग आला होता की मधल्या सुट्टीतला वडासुद्धा तिने अर्धा टाकला. पण घरी येताना रिक्षात तिला कळलं, राग मॅडमचा नव्हता. माणूस होता, देवाच्या दयेने चांगला ठणठणीत होता, आता या क्षणी पडवीत पेपर वाचत होता. नसलेली गोष्ट वेगळीच होती, आणि ती नाही हे फक्त मलाच ठाऊक आहे...

सासूबाईंच्या हाताखाली ती शिकली तेव्हा पहिला नियम हाच होता : करणारीने चव बघायची नाही. नैवेद्य दाखवायच्या आधी जिभेला काही लावायचं नाही हे तर होतंच, पण लोणच्याचा कायदा त्याहून कडक — उष्ट्या हाताने बरणी नासते. मीठ हाताला कळायला हवं, मोहरी नाकाला. धंदा सुरू केल्यावरही उमाने ते मोडलं नाही. ती कालवायची आणि परशुराम चव बघायचे. पुढे मुरलेलं लोणचं ती दहीभाताबरोबर खायची, नाही असं नाही, पण त्यांनी एकदा ‘जमलंय’ म्हटल्यावर ते जमल्यासारखंच लागायचं. स्वतःला काय वाटतं हे विचारायची वेळच कधी आली नाही.

तीन वर्षांपूर्वी त्यांना तो साथीचा ताप आला. ताप गेला, माणूस हिंडूफिरू लागला, आणि एका सकाळी दाराशी कोणीतरी आलं म्हणून उठलेल्या उमाने परत येऊन त्याच करवंदांत दुसऱ्यांदा मीठ घातलं. परशुरामांनी चमचा तोंडात फिरवला, डोळे मिटले, म्हणाले, ‘जमलंय.’ ओट्यावर मिठाची दोन रिकामी पाकिटं तिला तेव्हा दिसली. कोठीच्या खोलीत जाऊन, दार लोटून, आयुष्यात पहिल्यांदा तिने न मुरलेल्या लोणच्यात बोट बुडवलं — आणि घशापर्यंत मिठाची आग. सगळं लोणचं तिने परसात खड्डा करून पुरलं आणि सांगितलं, बरणी फुटली. त्या दिवसापासून आधी दाराआड ती चोरून चव बघते, हवं नको ते घालते, हात धुते, आणि मग चमचा घेऊन त्यांच्याकडे जाते.

सांगायचं तरी कसं? पोफळीला वीजघरात तीस वर्षं यंत्राच्या नुसत्या आवाजावरून काय बिघडलंय ते सांगणारा हा माणूस, निवृत्तीनंतर ज्याला जगात एकच काम उरलं, आणि ते करायला हा साडेदहा वाजता इस्त्रीचा शर्ट घालून बसतो. चमचाभर लोणच्यासाठी इस्त्रीचा शर्ट! हसू येतं. ते चौकोनात लिहू का, मॅडम? की माझा दर्जा ठरवणाऱ्याच्या जिभेला चवच लागत नाही, आणि पाच वर्षांनीही त्याने तसंच शर्ट घालून बसावं, हेच माझं ध्येय आहे?

घड्याळात साडेदहा झाले. कातळाच्या सड्यावरची हिरवी करवंदं ठेचून, मोहरी फेसून, तिखट-मीठ लावून परात तयार होती. उमाने चमचा भरला आणि ती पडवीत गेली.

परशुरामांनी पेपराची घडी केली, चष्मा खिशात ठेवला. चमचा तोंडात घेतला आणि नेहमीसारखं तिच्याकडे बघितलं. बघतच राहिले.

‘काय झालं?’ ती म्हणाली.

‘अगो... तू घेतलंयस ना आधी?’

तिला पटकन समजेना. मग एकदम आठवलं, आज दाराआड जायचं राहिलंच होतं. कागदाच्या नादात ती तशीच आली होती.

‘काय घेतलंय?’

‘चव गो. कोठीत. रोज घेतेस ती.’ ते खाली बघत म्हणाले. ‘तू येतेस तेव्हा तुझ्या तोंडावर लिहिलेलं असतं, तेच वाचून मी सांगतो. आज काहीच लिहिलेलं नाही. मला काय कळणार?’

म्हणजे यांना ठाऊक होतं... तीन वर्षं मी यांना जपत होते आणि हे मला जपत होते, आणि दोघांच्या मध्ये हा चमचा रोज इकडून तिकडे, तिकडून इकडे. तिला रडू आलं असतं, पण आधी राग आला.

‘मग बोलला का नाहीत?’

‘तू चमचा आणायची बंद झाली असतीस.’

तिने त्यांच्या हातून चमचा घेतला — त्याला राहिलेलं होतं थोडं, उष्टं, त्यांच्या तोंडातलं — आणि तिथेच, उजेडात, त्यांच्यासमोर जिभेवर ठेवलं. सासूबाई आठवल्या. मग आठवेनाशा झाल्या. आंबट आलं, मागून मोहरीचा झणका नाकात, आणि मधे कुठेतरी रिकामं.

‘मीठ कमी आहे,’ ती म्हणाली. आवाज आपलाच आहे का, असं वाटण्याइतका ठाम.

‘मग घाल.’

ती घालून आली. दुसऱ्यांदा चव घेतली, आणि मग आणखी एक करवंद उचललं, ते चव बघायला नव्हे, नुसतं खायला. परशुरामांनी हात पुढे केला.

‘मला दे की.’

‘तुम्हाला काय लागणार आहे?’

‘कुरकुरीत आहे की नाही, ते कळतं मला. कानाला ऐकू येतं.’

ते चावू लागले, डोळे मिटून, इस्त्रीच्या शर्टात, आणि खरंच तो आवाज तिलाही ऐकू आला. उद्या साडेदहाला हे इथे बसतील का, आपण चमचा आणायचा का, आणला तर कशासाठी, यातलं काहीच तिला ठाऊक नव्हतं. विचारायचा धीर नव्हता. आत कागद तसाच होता, ‘माझे यजमान’ लिहिलेला, आणि चार वाजता तो वाचायचा होता. पण तोंडात चव रेंगाळत होती, आणि लोणचं फार चांगलं झालं होतं. त्यांनी अजून काही म्हटलं नव्हतं, तरी तिला ते कळलं होतं. ‘जमलंय’ हा शब्द तिच्या ओठांपर्यंत आला, आणि तो आपण म्हणावा की त्यांना म्हणू द्यावा, ते न ठरवता ती त्यांच्या तोंडाकडे बघत उभी राहिली.