भाईर

उत्तर आले नाही. साधनाचे बोट बटणाशी थांबून राहिले. "हात?" हा तिचा प्रश्न गोठ्याच्या पत्र्यांखाली घुटमळत होता, आणि कडबा कापायच्या कुट्टी यंत्राच्या तोंडाशी काळवंडलेल्या कडब्याची पेंढी धरून उभी असलेली तिची सासू, बेबीबाई, ओठ मिटून होती.

या घरात कुट्टीचा एक रिवाज होता. बटणावरच्याने विचारायचे, "हात?" पेंढी सारणाऱ्याने म्हणायचे, "भाईर." मगच पाते फिरायचे.

गेल्या हिवाळ्यात पेंढी सारायला धनराज होता, साधनाचा नवरा. अडकलेले काड उपसायला तो वाकला होता. कानांवरून पदर घट्ट गुंडाळलेल्या साधनाने विचारले, तिला "भाईर" ऐकू आले, तिने बटण दाबले. अकोल्याच्या दवाखान्यातून तो परतला नाही. त्याच्या तोंडून शब्द निघालाच नव्हता, असे इंझोरी गावभर झाले. तेव्हा गोठ्यातच असलेल्या बेबीबाईनेही तेच सांगितले. मग तो शब्द कुणाचा? चुलीपुढे, विहिरीच्या काठाशी साधनाला तो अजून ऐकू येई. खोल, घोगरा, त्याचाच.

यंदा थंडी पुन्हा उतरली. गोठ्याची जमीन ओली राहू लागली, गाईंच्या कासा गारठल्या. पावसात भिजलेला, गुरांनी तोंड न लावलेला कडबा बारीक करून त्यांच्याखाली पसरणे भाग होते.

"आत्याबाई, बोला नं," साधना म्हणाली. "तुमी बोलल्याबिगर मी दाबत नाई."

बेबीबाईने घसा खाकरला.

तेवढ्यात कुडापलीकडून शेजारच्या रंगूबाईने हाक दिली, "बेबे वं, तुहा गोऱ्हा कुठी हाय? माह्या वालाच्या शेंगा खाल्ल्या तं त्याचंच दूध मांगीन मी."

"भाईर," बेबीबाई म्हणाली. सवयीने, मान न वळवता.

खोल. घोगरा.

साधनाचे बोट बटणावर टेकलेसुद्धा होते. सासूची बोटे अजून यंत्राच्या तोंडात होती. साधनाने हात मागे ओढला आणि पदरात घट्ट दाबून धरला. कडब्यातून काळी धूळ झरत राहिली.

"आत्याबाई," ती म्हणाली, "त्या दिशीबी रंगूकाकूनं असंच काई इचारलं व्हतं का?"

बेबीबाईने पेंढी हळूच खाली ठेवली, एखादे निजलेले मूल ठेवावे तशी. गाईच्या पाठीवरून एकदा हात फिरवला. मग ओल्या जमिनीवर आखडती पावले टाकत ती बाहेर निघून गेली.