पाय धुण्याचा कार्यक्रम

भाऊजी चर्चचे पाळक होते, आणि देव त्यांना बोलवायचा तो नेहमी परदेशातच. त्यांच्या स्वतःच्या गल्लीच्या टोकालाही आजारी माणसं होती, पण तिकडून हाक आल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. या खेपेला त्यांनी मोठ्या वहिनीलाही बरोबर घेतलं. वहिनी निवृत्त नर्स. निदान एक तरी कामाचं माणूस आणा, असं तिथल्या दवाखान्याने कळवलं होतं.

दवाखाना म्हणजे एक लांबट खोली, भिंतीला बाक, आणि बाकावर मधुमेहाने पाय बधिर झालेली माणसं. तिथल्या नर्सने मागितलं होतं साधंच: मलमपट्टीला हात लावा, नखं कापून द्या, मऊ तळाच्या चपला आणा. भाऊजींनी आणले टब, पांढरे टॉवेल, कॅमेरा आणि भजनांसाठी एक गिटारवाला. प्रभूने शिष्यांचे पाय धुतले, तसे ते रुग्णांचे धुणार होते. आदरापोटी ते अनवाणी आले होते. हातात मात्र कोपरापर्यंत रबरी मोजे चढवले होते. नम्रतेलाही काही मर्यादा असते.

"भाऊजी, या लोकांच्या पायांना गार-गरम कळत नाही," वहिनी म्हणाली. "भाजलं तरी कळणार नाही. जखम चिघळली तर पाय कापावा लागतो. पाणी कोण बघणार?"

"वहिनी, तुम्हाला जिथे तिथे वॉर्डच दिसतो. जरा प्रेमही बघा."

"प्रेम बघते हो. मी पाण्याचं विचारलं."

"गिटारवाल्याला सांगितलंय गार पाणी मिसळायला."

गिटारवाला तारा जुळवण्यात बुडालेला होता. वहिनी मान हलवत बाकाच्या टोकाला गेली आणि एका म्हाताऱ्याची नखं कापू लागली. तिथली नर्स आतल्या खोलीत कुणाची तरी पट्टी बदलत होती. जाऊबाईंनी, म्हणजे भाऊजींच्या बायकोने, कॅमेरा सुरू करून मायदेशातल्या चर्चच्या मंडळीला थेट दाखवायला घेतलं. पहिला मान लाल रुमाल बांधलेल्या आजींना मिळाला; त्यांना खुर्चीत बसवून पुढ्यात टब ठेवला.

"अहो, वाफ काय सुंदर येतेय!" जाऊबाई म्हणाल्या.

वाफ म्हटल्याबरोबर वहिनीच्या हातातलं नेलकटर खाली पडलं.

आजींची टाच पाण्यात होती आणि आजी कॅमेऱ्याकडे बघून हसत होत्या. भाऊजी डोळे मिटून प्रार्थना करत होते. जिचा पाय तिला चटका कळत नव्हता, आणि ज्याचे हात त्याच्या हातांवर रबर होतं. वहिनीने पाण्यात कोपर बुडवलं, झटकन काढलं, आजींचा पाय उचलला आणि टब बाजूला ढकलला. तो कलंडला थेट भाऊजींच्या पायांवर.

"आई गं! मेलो!"

भाऊजींच्या पायांना सगळं व्यवस्थित कळत होतं.

"ताई, अहो सगळे बघतायत!" जाऊबाई ओरडल्या.

"मग त्यांना माझा नमस्कार सांग," म्हणत वहिनीने आजींची खुर्ची नळापाशी ओढली.

टाच लालभडक झाली होती. वहिनी गार पाणी सोडत राहिली आणि मधूनमधून बोटाने दाबून बघत राहिली. दाबलं की लाली जायची, सोडलं की परत यायची. कातडी सुटली नव्हती, रक्त नीट फिरत होतं.

"वहिनी, माझं काय?" भाऊजी एका पायावर नाचत होते.

"दुखतंय?"

"दुखतंय काय, आग आग होतेय!"

"छान. म्हणजे पाय ठणठणीत आहे. तो दुसरा नळ घ्या."

गलका ऐकून तिथली नर्स बाहेर आली. तिने आजींची टाच निरखली, वहिनीकडे बघून मान डोलावली, मग भाऊजींच्या अंगठ्यावर टरारलेला फोड पाहून काहीतरी बोलली. दवाखान्याचा दुभाष्या अवघडला.

"काय म्हणतात त्या?"

"मलमपट्टी करतील म्हणतात. पण बाकीचे आधी आलेत."

भाऊजी बाकाच्या पार टोकाला जाऊन टेकले. नखं अर्धी कापून राहिलेल्या म्हाताऱ्याने सरकून त्यांना जागा दिली आणि त्यांच्या फोडाकडे बघत मायेने काही विचारलं.

"विचारतायत, तुम्हालाही साखरेचाच त्रास का?" दुभाष्या म्हणाला.

भाऊजींनी एकदा जाऊबाईंच्या अजून चालूच असलेल्या कॅमेऱ्याकडे पाहिलं.

"हो म्हणून सांगा," ते म्हणाले.